जुनं होमबिल्ट विमान घेताना: हँगरमधल्या पहिल्या भेटीपासून पहिल्या उड्डाणापर्यंत

होमबिल्ट म्हणजे कारखान्याबाहेर, कुणीतरी आपल्या गॅरेजमध्ये नकाशे समोर ठेवून फावल्या वेळात बांधलेलं विमान. ही परंपरा चांगली जुनी आहे. अमेरिकेत बर्नार्ड पीटेनपोलने १९२९ मध्ये फोर्डच्या मॉडेल ए मोटारीचं इंजिन बसवून आपलं एअर कॅम्पर उडवलं. त्याच्या नकाशांवरून लोक आजही नवी विमानं बांधतात. पुढे फ्रान्समधून जोडेल आलं, ईएए या अमेरिकेतल्या होमबिल्टवाल्यांच्या संघटनेची १९६२ ची डिझाइन स्पर्धा जिंकणारं पीट बॉवर्सचं फ्लाय बेबी आलं, १९७५ मध्ये बर्ट रुटानचं व्हेरीईझी उडालं. त्या काळी बांधलेली शेकडो विमानं आज दुसऱ्या, तिसऱ्या, कधी सातव्या मालकाच्या शोधात असतात. बांधणारा एक तर थकलेला असतो किंवा हयात नसतो.

अशा विमानाच्या प्रेमात पडलेल्या नवख्याला माझं पहिलं सांगणं हे, की नुसत्या मॉडेलच्या नावावर विमान घेऊ नका. कारखान्यातून आलेली एकाच मॉडेलची दोन विमानं बहुतांशी सारखी असतात. होमबिल्टमध्ये तसं नसतं. एकाच नकाशावरून बांधलेल्या दोन फ्लाय बेबींत इंजिन वेगळं, टाकी वेगळी, ब्रेक वेगळे, वजनात चाळीस किलोंचा फरक, आणि स्टॉलही, म्हणजे वेग कमी पडून पंखांची उचल संपणं, वेगळ्या वेगाला, असं सर्रास असतं. तुम्ही एका माणसाने वर्षानुवर्षं घेतलेले शेकडो निर्णय विकत घेत असता. ते सगळे समजून घेतल्याशिवाय विमान जमिनीवरून उचलायचं नाही. खालच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. आधी बसून बघा

हे फार सोपं आहे आणि तरी लोक शेवटी करतात. जुन्या डिझाइनमधलं कॉकपिट बऱ्याचदा डिझायनरने स्वतःच्या अंगाच्या मापाने आखलेलं असतं. पट्टे बांधून बसा. गुडघे पॅनेलला लागतात का? स्टिक पोटापर्यंत मागे येते का? दोन्ही रडर पेडल, म्हणजे शेपटीचं सुकाणू फिरवणारे पायाखालचे पेडल, टोकापर्यंत दाबता येतात का? मग डोळे मिटा आणि थ्रॉटल, कार्ब हीट (कार्बुरेटरला गरम हवा देणारा खटका), इंधनाचा कॉक, मॅग्नेटोचा (इंजिनाला ठिणगी देणाऱ्या यंत्राचा) स्विच असं एकेक हाताने शोधा. ज्याला हात पोचत नाही किंवा ज्यासाठी अंग वळवावं लागतं, ते लगेच लिहून ठेवा. त्याकडे पुन्हा येऊ.

विमान एक आसनी असेल तर शिक्षक शेजारी बसून तुम्हाला ते शिकवू शकणार नाही, हेही आत्ताच लक्षात घ्या. यातली बरीच विमानं टेलव्हीलची, म्हणजे तिसरं चाक शेपटीखाली असलेली, असतात. तुमचं आजवरचं उड्डाण नोजव्हीलवर, म्हणजे नाकाखाली चाक असलेल्या विमानावर, झालं असेल तर विमान शोधायच्या आधी दोन आसनी टेलव्हील विमानावर शिक्षकाबरोबर रीतसर शिकून घ्या. गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असल्याने शेपूट पुढे यायला बघते. ती आवरायची ती पायांनी, आणि विमान पूर्ण थांबेपर्यंत. ही सवय वाचून लागत नाही.

२. डिझाइनचा इतिहास वाचा

प्रत्येक डिझाइनला मागचा इतिहास असतो आणि काहींचा रक्ताने लिहिलेला आहे. आंरी मिन्ये या फ्रेंच माणसाचं एचएम-१४, म्हणजे ‘फ्लाइंग फ्ली’, १९३३ मध्ये उडालं आणि दुकानात मिळणाऱ्या लाकडातून विमान बांधता येतं म्हणून लोक त्यावर तुटून पडले. मग माणसं मरायला लागली. १९३६ मध्ये इंग्लंड आणि फ्रान्समध्ये ते पूर्ण आकारात वाऱ्याच्या बोगद्यात ठेवून तपासलं, तेव्हा कळलं की नाक ठरावीक कोनापलीकडे खाली गेलं की पुढच्या आणि मागच्या पंखांमधला हवेचा खेळ असा बदलतो की स्टिक कितीही ओढली तरी नाक वर येत नाही. पुढच्या आवृत्त्यांत हा दोष काढला गेला. पण जुनं, न सुधारलेलं यंत्र ते जुनंच राहतं.

म्हणून त्या डिझाइनची जुनी वार्तापत्रं आणि नकाशांच्या दुरुस्त्या मिळवा. रुटानच्या विमानांसाठी तर डिझायनर स्वतः नियमित वार्तापत्र काढत असे आणि त्यात ‘हे बदला, तोवर उडू नका’ अशा सूचनाही असत. सूचनांची यादी हातात घेऊन समोरच्या विमानात कोणती दुरुस्ती झाली आहे ते एकेक करून बघा. विकणाऱ्याच्या ‘सगळं केलेलं आहे’ या शब्दावर थांबू नका. आणि त्याच प्रकारचं विमान बरीच वर्षं उडवणारा एक तरी माणूस गाठा. तासाभराच्या गप्पांत तो जे सांगेल ते कुठल्या कागदावर सापडणार नाही.

३. कागद

बांधणीची वही, बांधताना काढलेले फोटो, नकाशांचा संच, विमान आणि इंजिनाची लॉगबुकं, वजनाचा तक्ता, उड्डाणयोग्यतेचा दाखला आणि त्याबरोबरच्या मर्यादा. फोटो सगळ्यात मोलाचे, कारण पंख कापडाने झाकल्यावर आतले जोड दिसत नाहीत. ज्याने पंखातल्या प्रत्येक रिबचा, म्हणजे फासळीचा, फोटो काढून तारीख घातली आहे, त्याच्या न दिसणाऱ्या जोडांवरही माझा जास्त विश्वास बसतो.

कायद्याचं देशागणिक वेगळं असतं, तेव्हा पैसे देण्याआधी आपल्या विमान प्राधिकरणाकडे विचारा. उदाहरणार्थ, अमेरिकेत होमबिल्टची दर बारा महिन्यांची तपासणी मूळ बांधणारा स्वतः सही करून करू शकतो, पण तो अधिकार विमानाबरोबर विकला जात नाही. नव्या मालकाला त्यासाठी योग्य परवाना असलेला माणूस लागतो. ब्रिटनमध्ये अशा विमानांना परमिट असतं आणि बहुतेकांची देखरेख लाइट एअरक्राफ्ट असोसिएशनच्या निरीक्षकांमार्फत होते. दुसऱ्या देशातून विमान आणायचं असेल तर नोंदणी मिळेल की नाही हे लेखी हातात आल्याशिवाय बयाणा देऊ नका. होमबिल्टला आंतरराष्ट्रीय मान्यतेचं नेहमीचं प्रमाणपत्र नसतं, त्यामुळे सीमा ओलांडून उडण्यासाठीही बऱ्याचदा वेगळी परवानगी काढावी लागते.

४. सांगाडा तपासा

ही तपासणी अशा माणसाकडून करून घ्या ज्याने लाकूड-कापडाची विमानं हाताळली आहेत. चांगला मेकॅनिक असला तरी आयुष्यभर पत्र्याच्या विमानांवरच काम केलेलं असेल तर इथे तो अपुरा पडू शकतो. तुम्हीही त्याच्याबरोबर रहा.

लाकडाचा शत्रू पाणी. पंखाच्या मागच्या कडेजवळ खालच्या बाजूला पाणी निचरायची बारीक भोकं असतात. ती रंगाने किंवा मातीने बुजलेली दिसली तर आतलं लाकूड संशयित धरा. टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन तपासणीच्या झाकणांतून आत बघा, हल्ली बोअरस्कोपही सहज मिळतो. स्पार, म्हणजे पंखाच्या लांबीभर जाणारी मुख्य तुळई, धातूच्या फिटिंगला जिथे बोल्टने जोडली आहे तिथे काळपट डाग असेल तर ओल शिरली आहे. वास घ्या. कुजट वास खोटं बोलत नाही. स्पारवर आडवी, केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती दाबाने पडलेली चीर असू शकते. असा पंख कधीतरी आपटलेला असतो, आणि ती रेघ पंख नाकारायला पुरेशी आहे.

मग गोंद. जुन्या काळी केसीनचा गोंद वापरत. तो दुधातल्या प्रथिनापासून बनतो आणि ओल लागली की त्याला बुरशी खाते. नंतरचे रेसॉर्सिनॉल आणि इपॉक्सी गोंद जास्त टिकाऊ, पण तेही जोड नीट दाबून बसवला असेल तरच. प्लायवूडवर नाण्याने टकटक करत पुढे सरका. चिकटलेल्या जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द. कोणता गोंद वापरला हे बांधणीच्या वहीत नसेल तर मी ते विमान फार सावधपणे बघतो.

स्टीलच्या नळ्यांचा सांगाडा असेल तर शेपटीकडच्या खालच्या नळ्या आधी बघा. विमान शेपटीवर टेकून उभं असतं, पाणी तिथेच साठतं आणि नळी आतून गंजते. बाहेरून रंग छान असतो. टोकदार टोच्याने जरा जोर देऊन दाबत जा. चांगली नळी दबत नाही.

कापड तुलनेने सोपं. जुनं सुती कापड असेल तर त्याची ताकद टोचणीच्या यंत्राने मोजतात. पॉलिएस्टरचं असेल तर ते खूप वर्षं टिकतं, पण उन्हापासून त्याला वाचवते ती आतली चंदेरी रंगाची थर. अंधारात पंखाच्या आत दिवा धरा. कापडातून उजेड झिरपत असेल तर ती थर पातळ आहे.

कंट्रोलच्या केबल पुलीवरून जातात तिथे फडकं फिरवा. तुटलेली एखादी तार असेल तर फडक्याचा धागा अडकतो. लगेच केबल बदलायची, तडजोड नाही. टर्नबकलना (केबल ताणायच्या पेचांना) ते सैल होऊ न देणारी सेफ्टी वायर आहे का, बिजागऱ्यांना खेळ किती आहे, चाकांच्या सस्पेन्शनचे रबरी बंजी किती जुने आहेत हे बघा. बंजीच्या वेष्टणातल्या रंगीत धाग्यांवरून त्याचं वर्ष ओळखता येतं.

५. इंजिन

कॉन्टिनेंटल ए-६५ किंवा सी-८५ असेल तर काळजी कमी. साधी इंजिनं आहेत आणि जाणकार अजून मिळतात. लायकमिंग ओ-२३५ किंवा ओ-२९० असेल आणि विमान बरीच वर्षं उभं असेल तर कॅमशाफ्टबद्दल विचारा. या इंजिनांत तो क्रँकशाफ्टच्या वर असतो, उभ्या इंजिनात त्यावरचं तेल ओघळून जातं आणि गंज धरतो. छोट्या कॉन्टिनेंटलमध्ये तो खाली असतो, म्हणून त्यांना हा त्रास कमी. फोक्सवॅगनचं मोटारीचं इंजिन बदलून बसवलं असेल तर ते नेमकं कुणी बदललं, इग्निशन एक आहे की दोन, आणि प्रॉपेलरचा हब क्रँकला कसा धरलाय, हे तीन प्रश्न.

कॉम्प्रेशन चाचणी तुमच्यासमोर व्हायला हवी. ८० पीएसआय दाबाने हवा भरतात. एखाद्या सिलिंडरचा आकडा ६० च्या खाली गेला तर हवा कुठून निसटते ते ऐका. एक्झॉस्टमधून फुस्स येत असेल तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, कार्बुरेटरकडून येत असेल तर इन्टेक, तेलाच्या नळीतून आली तर रिंग. लॉगबुकात ‘ओव्हरहॉलनंतर फक्त साठ तास’ असं लिहिलेलं असलं आणि ते साठ तास वीस वर्षांत उडालेले असले, तर भुलू नका. नियमित उडणारं आठशे तासांचं इंजिन मला त्याहून बरं वाटतं.

६. इंधन

इथे मी मुद्दाम थांबणार आहे, कारण होमबिल्टमध्ये बांधणाऱ्याच्या मनाचा कारभार सगळ्यात जास्त चालतो तो इंधनाच्या नळ्यांत.

१२ ऑक्टोबर १९९७ रोजी गायक जॉन डेन्व्हर कॅलिफोर्नियात मॉन्टेरेच्या समुद्रात विमान कोसळून गेला. विमान रुटानचं लाँग-ईझी, दुसऱ्याने बांधलेलं, डेन्व्हरने नुकतंच विकत घेतलेलं. वैमानिक म्हणून तो कच्चा नव्हता, अडीच हजारांहून अधिक तास त्याच्या नावावर होते. नकाशात इंधनाची टाकी बदलण्याचा कॉक पुढे, वैमानिकाच्या पायांमध्ये आहे. बांधणाऱ्याने तो वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवला होता. त्यावर खुणा नव्हत्या आणि तो इतका घट्ट होता की पकडीने फिरवण्याची भाषा झाली होती. इंधन किती आहे हे दाखवणाऱ्या काचेवरही आकडे नव्हते. उडण्याआधी इंधन भरून घेतलं नाही. तपासात दिसलं की तो कॉक धरायला मागे वळलं की उजवा पाय आपसूक रडर दाबतो. एक टाकी रिकामी झाली, तो वळला, आणि विमान हाताबाहेर गेलं. अपघात तपासणाऱ्यांनी कारणांत बांधणाऱ्याचा हा निर्णय, खुणा नसणं आणि या विमानावरचं अपुरं प्रशिक्षण, सगळं नोंदवलं.

पहिल्या पायरीत हात न पोचणाऱ्या गोष्टी लिहून ठेवल्या होत्या, त्या आता काढा. त्या यादीत इंधनाचा कॉक असेल तर तो हलवल्याशिवाय विमान उडवायचं नाही. कॉकला ठळक खुणा करा. टाकी पूर्ण रिकामी करून पाच-पाच लिटर मोजून भरा आणि काचेवर किंवा तरंगणाऱ्या तारेवर प्रत्येक पातळीला खूण करा. टेलव्हीलचं विमान असेल तर हे दोनदा, शेपूट खाली आणि शेपूट वर.

नंतर प्रवाहाची चाचणी. नाक चढाईच्या कोनात उचला, कार्बुरेटरजवळची नळी सोडून मापाच्या भांड्यात इंधन येऊ द्या. टाकीतून नुसतं उताराने येणारं इंधन इंजिनाच्या कमाल खपाच्या दीडपट यायला हवं. ६५ अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण थ्रॉटलला तासाला वीस लिटर पीत असेल तर तीस लिटरचा प्रवाह हवा, म्हणजे मिनिटाला अर्धा लिटर. टाकीत इंधन थोडंच असताना करा. कमी आलं तर टाकीच्या झाकणातली हवेची वाट, गाळणी आणि नळीचे बाक तपासा. हवेच्या वाटेत आणि वेगमापकाला हवा पोचवणाऱ्या पिटोट नळीत कुंभारीण माशी मातीचं घर बांधते, तेही बघायचं. रबरी नळ्या कधीच्या आहेत ते माहीत नसेल तर सगळ्या बदला. आणि इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या टाकीत घालू नका. जुनी सीलं, टाकीचं आतलं लेपण आणि कॉर्कचे तरंगे त्याने खराब होतात.

७. स्वतः वजन करा

जुन्या तक्त्यातला आकडा कितीही सुबक अक्षरात असला तरी पुन्हा वजन करा. रंग, रेडिओ, मऊ सीट यांनी विमान वर्षागणिक जड होत जातं. विमान उड्डाणाच्या स्थितीत समपातळीत आणा आणि तिन्ही चाकांखाली काटे ठेवा. समजा मुख्य चाकांखाली १५० आणि १५२ किलो भरले, शेपटीखाली १८, आणि मुख्य आसापासून टेलव्हील ४.२ मीटर मागे आहे. १८ गुणिले ४.२ म्हणजे ७५.६. भागिले एकूण ३२०. गुरुत्वमध्य आसाच्या २३.६ सेंटिमीटर मागे आला. आता त्यात तुमचं वजन, इंधन आणि सामान घालून पुन्हा काढा, टाकी भरलेली आणि रिकामी असे दोन्ही टोकांना. डिझायनरने दिलेल्या मागच्या मर्यादेच्या पलीकडे जात असेल तर उड्डाण नाही. मागे गेलेल्या गुरुत्वमध्याचं विमान स्पिनमधून, म्हणजे गिरक्या घेत खाली पडण्यातून, बाहेर येईलच याची खात्री नसते.

८. प्रॉपेलर हाताने फिरवणं

बऱ्याच ए-६५ ना स्टार्टर नसतो. हे काम जाणकाराकडून शिका, एकट्याने करू नका. कॉकपिटमध्ये ब्रेक आणि थ्रॉटल समजणारा माणूस हवा, चाकांना ठोकळे, शेपूट दोराने बांधलेली. पायाखाली चिखल किंवा खडी नको. सैल बाह्या, ओढणी, गळ्यातली दोरी काही नको. स्विच बंद असला तरी मॅग्नेटो चालू आहे असंच धरायचं, कारण मॅग्नेटो बंद करणारी वायर तुटली की स्विचला अर्थ उरत नाही. आत बसलेल्याने प्रत्येक शब्द मोठ्याने परत उच्चारायचा: ‘स्विच ऑफ’, ‘थ्रॉटल बंद’, ‘ब्रेक धरलेत’, आणि शेवटी ‘कॉन्टॅक्ट’. पात्याभोवती बोटं वळवायची नाहीत, तळहात सपाट. खाली ओढताना शरीर मागे जायला हवं.

९. पहिलं उड्डाण

विकत घेतलेलं विमान स्वतः उडवत घरी आणण्याचा मोह टाळा. अनोळखी विमान, अनोळखी रस्ता आणि घरी पोचायची घाई, तिन्ही एकदम नको. ट्रेलरवर आणा किंवा त्या प्रकाराच्या अनुभवी वैमानिकाला आणू द्या.

घरच्या धावपट्टीवर आधी संथ टॅक्सी, मग जरा वेगाने. मी धावपट्टीवरच छोट्या उड्या मारण्याच्या विरुद्ध आहे. वेग कमी, उंची कमी आणि समोर धावपट्टी संपत आलेली, अशी अवस्था त्यात तयार होते. उडायचं तर नीट उडा: वारा शांत, धावपट्टी लांब, टाकी पुरेशी भरलेली, बरोबर कुणी नाही.

वेगमापक ताशी मैलांत आहे की नॉट्समध्ये, हे आधी बघा. जुन्या होमबिल्टमध्ये मैल असण्याची शक्यता बरीच. ६० मैल म्हणजे ५२ नॉट्स. नॉट्सची सवय असलेला माणूस ६० बघून निर्धास्त अ‍ॅप्रोच करतो आणि प्रत्यक्षात आठ नॉट्स कमी असतो. शिवाय पिटोट नळी चुकीच्या जागी बसवली असेल तर आकडाच खोटा. म्हणून वर गेल्यावर, तीन हजार फुटांवर, हळूहळू वेग कमी करून तुमच्या मापकावर स्टॉल किती आकड्याला येतो ते लिहा. कुठला पंख आधी पडतो ते लिहा. जुन्या विमानांत स्टॉलची सूचना देणारं काही नसतं, कधी नुसतीच हलकी थरथर. लँडिंगसाठी खाली येतानाचा वेग त्या आकड्याच्या १.३ पट.

टेकऑफनंतर इंजिन बंद पडलं तर नाक त्याच क्षणी खाली. ही विमानं हलकी असतात आणि तारा, स्ट्रट, उघडं कॉकपिट यांचा हवेला अडथळा मोठा, त्यामुळे वेग दोन-तीन सेकंदांत संपतो. वळून धावपट्टीवर यायचा विचार करायचा नाही, समोर जे मैदान असेल ते. आणि कार्ब हीट विसरू नका: हवा दमट असेल तर वीस-पंचवीस अंश तापमानातही कार्बुरेटरमध्ये बर्फ धरतो, तोही उतरताना, थ्रॉटल मागे असताना.

अमेरिकेत नव्या होमबिल्टला प्रमाणित इंजिन-प्रॉपेलर असेल तर २५ आणि नसेल तर साधारणपणे ४० तास चाचणी उड्डाणं करावी लागतात. तुमचं विमान जुनं असलं, कायद्याने गरज नसली, तरी त्यातले निदान पहिले दहा तास मी तसेच एकट्याने, ठरवलेल्या चाचण्या करत घालवायला सांगेन.

१०. रोजचं सांभाळणं

शक्यतो हँगरमध्येच ठेवा. लाकडी प्रॉपेलर आडवा ठेवा, उभा ठेवला तर ओल एका पात्यात उतरते. ऋतू बदलला की त्याच्या बोल्टचा टॉर्क तपासा, लाकूड फुगतं आणि आकसतं. उंदीर पंखात घरटं करतात आणि त्यांचं मूत्र कापड आणि धातू दोन्ही खातं, तेव्हा भोकांना जाळी लावा. प्रत्येक उड्डाणाआधी गॅस्कोलेटरमधून, म्हणजे इंधनाच्या वाटेतल्या खालच्या गाळणीतून, थोडं इंधन काचेच्या भांड्यात काढून तळाशी पाणी दिसतं का बघा.

कधीतरी कापड बदलायची वेळ येईल. त्या वेळी घाईने नवं कापड चढवू नका. सांगाडा उघडा आहे तोवर प्रत्येक जोड, फिटिंग आणि पुली तपासा, जे संशयित असेल ते बदला, मग गोंद आणि व्हार्निश कोणतं वापरलं ते वहीत लिहा आणि झाकण्याआधी सगळ्याचे फोटो काढून तारखेसह लॉगबुकाबरोबर ठेवा.